बदलीची बाई

५ मे, शनिवार

ही वही आईच्या रक्तदाबाची. पुढच्या बाजूनं तिचे आकडे, मागच्या बाजूनं मी. पक्षाघातानं आईचा उजवा हात गेला त्याला अकरा वर्षं झाली. डाव्या हातानं ती वाट्या फेकते, वह्या उघडत नाही. तेव्हा इथे खरं लिहायला हरकत नाही.

शनिवारी दोन ते चार वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर आमचा गट भरतो. तेवढा वेळ शेजारचे लिन काका आईजवळ बसून टीव्हीवर कुस्त्या बघतात. आठवड्याचे तास एकशे अडुसष्ट, त्यातले माझे दोन. गट चालवतात कू सर, शाळेतून निवृत्त झालेले. वाचायच्या फक्त जुन्या भुताच्या गोष्टी, आणि त्याही ज्यात काहीतरी गूढ उकलायचं असतं त्या. शेवटी सर टेबलावर दोन पेले ठेवतात, एक माणसाचा, एक भुताचा. गोष्टीत ज्याच्यावर अन्याय झाला असं वाटतं, त्याच्या पेल्यात एक शेंगदाणा टाकायचा आणि का ते सांगायचं.

आजची गोष्ट छत्रीची होती. कोरड्या ठणठणीत उन्हाळ्यात एका दुकानातली मिटलेली छत्री रोज भरदुपारी गळायला लागते. न्यायाधीश त्या पाण्याची चव घेतो, ते खारट निघतं, आणि तिथून खून उघडकीला येतो. चिन-ज्यू मावशी देवळासमोर शिंपल्यांतली कालवं सोलून विकते. ती म्हणाली, "भूत कसलं! सुनेनं फडकं पिळलं असणार छत्रीवर." आम्ही इतके हसलो की खालचा माणूस वर येऊन गेला.

घरी आले तर वेनयुआनचा फोन. माझा धाकटा भाऊ एकेचाळीस वर्षांचा झाला आणि आत्ता कुठे त्याला मुलगी भेटली. पुढच्या शनिवारी जेवायला आणतोय.

१२ मे, शनिवार

तिचं नाव त्सायफिंग. चौतीस वर्षांची, च्यांगह्वा शहरातल्या बालवाडीत शिकवते. आई-बाप लहानपणीच गेले, आजीनं वाढवलं, ती आजीही चार वर्षांपूर्वी गेली. जेवताना म्हणाली, "मला भरलेलं घर फार आवडतं हो, ताई." मला ती एकदम आवडली. कुणालाही आवडेल अशीच आहे.

सकाळी आईला आंघोळ घातली, केस कापले, मागच्या खोलीचं दार लावून घेतलं, तिथली औषधं आणि कापडांचे गठ्ठे कपाटात कोंबले. पाहुणे यायचे म्हणजे एवढं करतंच कुणीही. आई खुर्चीत बसून अर्ध्या तोंडानं हसत होती. मग माझ्याकडे बघितलं आणि हसणं बंद केलं.

संध्याकाळी युएनूशी बोलले. ही माझी शाळेपासूनची मैत्रीण, दूर ताइतुंगला समुद्राकाठी पाहुण्यांसाठी खोल्या चालवते. सकाळची न्याहारी करायला तिला माणूस हवंय. "मागची खोली तुझ्यासाठी रिकामी ठेवलीय. ऑगस्टअखेरपर्यंत सांग, मग मात्र मी दुसरी बाई बघेन." हे ती दरवर्षी म्हणते आणि मी दरवर्षी हसते. आज हसले नाही.

२६ मे, शनिवार

त्सायफिंगला गटात घेऊन गेले. पोरगी शनिवारी एकटीच असते, वेनयुआन ताइचुंगच्या कारखान्यात ओव्हरटाइम करतो. आधी तिला देवळाजवळ कालवांचं आम्लेट खायला घातलं. चिन-ज्यू मावशीनं तिच्या ताटलीत दोन मुठी जास्त कालवं टाकली आणि माझ्या कानाशी म्हणाली, "जीव लावतेयस हं फार!" मी म्हटलं, "भावाची होणारी बायको आहे, नको लावू?"

ती प्रत्येक वेळी भुताच्याच पेल्यात दाणा टाकणार असं दिसतंय. कू सरांनी कारण विचारलं. म्हणाली, "माणसांचं ऐकायला न्यायाधीश असतात. भुताचं कुणी ऐकूनच घेत नाही." सर खूश.

१३ जून, बुधवार

आठवड्यातून दोनदा येते आता, शाळा सुटल्यावर. मी तिला तीन ते पाचमध्येच बोलावते. त्या वेळी आई औषधानं सुस्त असते. तिच्यासाठी मी गोड रताळी करते, वाचनालयातून पुस्तकं आणून ठेवते. एकदा तिच्या ब्लाउजच्या सैल झालेल्या बाह्याही शिवून दिल्या. तिनं मला मिठी मारली. इतक्या वर्षांत मला कुणी मिठी मारली नव्हती, मी बावळटासारखी हात खाली सोडून उभी राहिले.

ती गेल्यावर आई म्हणाली, "गोड बोलतेस तिच्याशी." आईची जीभ जड आहे, पण मला तिचं सगळं कळतं, नको ते तर आधी कळतं.

"चांगली आहे ती."

"मीही चांगली होते. तुझ्या आजीनं मला शिवणयंत्र देते म्हणून सांगितलं होतं. तिच्या सासूला बघायला या घरात माणूस हवं होतं."

"मग दिलं का?"

"तू या घरात शिवणयंत्र बघितलंस कधी?"

आई सूड उगवतेय. तिला माहीत आहे की सून आली तर मी सुटेन, आणि तिला दुसऱ्या कुणाच्या हातचं आवडत नाही. पहिल्या वर्षी दोन बायका ठेवल्या होत्या कामाला. दोघींच्या हातचं तिनं खाल्लं नाही, दोघी महिन्याच्या आत गेल्या. तेव्हा वेनयुआन म्हणाला होता, "ताई, घरचं माणूस ते घरचं माणूस." घरचं माणूस म्हणजे मी. गंमत अशी की मी लग्न केलं नाही म्हणून घरच्या देव्हाऱ्यातल्या पूर्वजांच्या पाटीवर माझं नाव लागायचं नाही. जिवंतपणी घरचं माणूस, मेल्यावर बाहेरचं. मग पंचांगातल्या सातव्या महिन्यात गल्लीत बेवारस भुतांसाठी जेवणाची टेबलं मांडतात, तिथे मी रांगेत.

३० जून, शनिवार

त्सायफिंगनं विचारलं, "ताई, आईंच्या रात्री कशा असतात?"

मी म्हटलं, "झोपतात की."

दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. नाहीतर पाठीला जखमा होतात. दोनदा झाल्यात, एक हाडापर्यंत गेली होती. मी अकरा वर्षांत सलग तीन तास झोपलेली नाही. हे सांगायचं राहिलं असं नाही, मी सांगितलं नाही. पण कुणालाही पहिल्याच दिवशी सगळं सांगतात का? आणि शिकेल ती. मीही शिकलेच.

८ जुलै, रविवार

आज तारखेवर बोलणं झालं. त्सायफिंगला लग्न शरद ऋतूत हवंय. "घाई कशाला? मुलांचं नवं वर्ष सुरू करून देते, मग सोडते शाळा."

मी पंचांग आधीच उघडून ठेवलं होतं. ११ ऑगस्टला सातवा महिना लागतो. भुतांच्या महिन्यात कुणी लग्न करत नाही, घर बदलत नाही, पाण्यात उतरत नाही. म्हणजे त्याआधी केलं तर केलं, नाहीतर महिनाभर थांबा. "एवढं चांगलं जुळलेलं, मध्ये असला महिना कशाला घालायचा?" मी म्हटलं. ५ ऑगस्टला मुहूर्त चांगला आहे. ते खरंच आहे, मी खोटं बोलले नाही. फक्त महिनाभर थांबली तर ती विचार करेल, आणि युएनू तोवर दुसरी बाई ठेवेल, हे बोलले नाही.

वेनयुआन म्हणाला, "फिंग शाळा सोडून इथेच राहील. मी शनिवार-रविवार येत जाईन. ताइचुंगला दोघांना जागा परवडत नाही."

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई आहेत की सोबतीला."

मी तिच्या ताटात मासा वाढला.

१५ जुलै, रविवार

लग्नाचे केक ठरवले. तिनं शाळेत सांगून टाकलंय, ३१ला शेवटचा दिवस. भाड्याच्या खोलीचं अजून सांगायचंय. युएनूला मी निरोप पाठवला: सप्टेंबर. तिनं समुद्राचा फोटो पाठवला. तो फोटो मी आईला भरवताना वाटीला टेकवून ठेवला होता. आई म्हणाली, "कुठलं पाणी ते?" मी म्हटलं, "असंच."

२१ जुलै, शनिवार

आजचं सगळं लिहून काढायचं आहे, नाहीतर डोक्यात घोळत राहील.

महिना लागायच्या आधी सर नेहमी पाण्यातल्या भुताची गोष्ट घेतात. बुडून मेलेल्याला सुटायचं तर बदली द्यावी लागते, हे आमच्याकडे पोरासोरांनाही माहीत असतं. दुसऱ्या कुणाला त्याच पाण्यात ओढायचं, मग आपण मोकळे. ही गोष्ट त्याचीच, पण तपासाची. एका घाटावर दर तीन वर्षांनी एक बाई बुडते. अंगावर ओरबाडा नाही, झटापट नाही. चौकशीला आलेल्या शिपायाला एकच गोष्ट विचित्र वाटते. बुडालेल्या प्रत्येकीचे केस नीट विंचरलेले असतात. शेवटी त्याला कळतं की आधी बुडालेली बाई धुण्याच्या दगडावर येऊन बसते आणि नव्या कुणाशी तरी मैत्री जोडते. महिनोन्‌महिने तिचं धुणं धुऊ लागते, तिची दुःखं ऐकते, तिचे केस विंचरते. बिचारीला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मिळालेलं असतं. मग एक दिवस ती तिला म्हणते, "ये, इथे पाणी उथळ आहे."

सरांनी पेले मांडले. मावशीनं माणसाच्या पेल्यात दाणा टाकला. "मेली ती मेली. त्यात काय बोलायचं?"

मी भुताच्या पेल्यात टाकला. खरं म्हणजे आपटलाच. म्हटलं, "तिनं काय गुन्हा केला? नियम तिनं केलेला नाही. तिलाही कुणीतरी असंच ओढलं होतं. थंड पाण्यात किती वर्षं बसायचं एकटीनं? आणि मैत्री केली ना? शेवटपर्यंत चांगलीच वागली ना तिच्याशी?"

"नियम कुणी केला मग?" सर म्हणाले.

"नदीनं."

"नदी बोलते का कधी? दर वेळी 'ये' म्हणणारी बाईच असते." सर हे मला उद्देशून म्हणाले नाहीत, ते कुणालाच उद्देशून बोलत नाहीत. पण माझे कान तापले.

त्सायफिंगची पाळी आली. नेहमी भुताच्या पेल्याकडे जाणारा तिचा हात आज मधेच थांबला. म्हणाली, "मला बुडवण्याचं एवढं काही वाटत नाही. बुडायला तर कुणीही बुडतं. मला ते केस विंचरणं सहन होत नाही. ओढायचंच होतं तर सरळ ओढायचं."

आणि तिनं दाणा खाऊन टाकला. सर हसले, मावशी हसली. मी नाही.

बसस्टॉपवर तिनं माझा हात धरला होता. "ताई, तुम्ही चिडलात का? गोष्टच आहे हो."

२४ जुलै, मंगळवार

मी काही कुणाला बुडवत नाहीये. भाऊ लग्न करतोय, सून घरी येतेय, जगात सगळीकडे हेच होतं. माझी आई अशीच आली, तिची सासू अशीच आली.

हे मी दोन दिवसांत वीसदा म्हणून बघितलं. एकदाही मला पटलं नाही.

२६ जुलै, गुरुवार

मला ताइतुंगला जायचंय. मला जायचंय, मला जायचंय. एकोणपन्नास वर्षांची बाई मी, न्हाणीघरात नळ सोडून रडते, आणि बाहेरून आई हाका मारते.

२८ जुलै, शनिवार

गट सुटल्यावर त्सायफिंगला म्हटलं, घरी चल. आज आधी काही आवरलं नव्हतं. लिन काका दारातच म्हणाले, "वास येतोय, बदलायला झालंय वाटतं," आणि चपला घालून गेले.

मी मागच्या खोलीचं दार उघडलं. तिला म्हटलं, उभी राहा आणि बघ. आईला वळवलं, पुसलं, पाठीवरचा जुन्या जखमेचा खड्डा दाखवला, त्यात माझी दोन बोटं मावतात. आई एकदाही ओरडली नाही, भिंतीकडे बघत पडून राहिली. मग मी म्हटलं, "हे दर दोन तासांनी. रात्रीसुद्धा. आई झोपतात असं सांगितलं ते खोटं. वेनयुआन शनिवार-रविवारीही येणार नाही, अकरा वर्षांत किती आला ते मी मोजलंय. आणि मी तुझ्या सोबतीला नाही. तू आलीस की मी सप्टेंबरात ताइतुंगला जाणार होते. सगळं ठरवून झालंय."

मला वाटलं ती रडेल. मला, खरं सांगायचं तर, वाटलं मिठी मारेल. सांगितल्याबद्दल.

"ती रताळी," ती म्हणाली, "ती पुस्तकं, माझ्या बाह्या शिवल्यात. ते सगळं यासाठी?"

"आधी यासाठी. नंतर नाही."

"नंतर म्हणजे कधीपासून?"

ती आईपाशी गेली, वाकून नमस्कार केला, "येते, आई," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता निघून गेली.

आईला पेज भरवत होते तेव्हा ती म्हणाली, "मला कुणी दाखवलं नव्हतं आधी." एवढंच. पेज सगळी संपवली.

२९ जुलै, रविवार

सकाळीच वेनयुआन. "फिंगनं तारीख मोडली! कोण बोललं तिच्याशी?"

"मी."

"ताई, डोकं ठिकाणावर आहे का? केकवाल्याला काय सांगू? आता आईला कोण बघणार?"

"आत्ता कोण बघतंय?"

"तू बघतेयस म्हणून तर विचारतोय! तुला ताइतुंगला जायचंय हे मला पहिल्यापासून दिसत होतं!"

म्हणजे त्याला माहीत होतं. मी त्याला कधी बोलले नव्हते, तरी त्याला माहीत होतं. मी एकटीच घाटावर बसले होते असं नाही, तोही बाजूला उभा होता. फोन ठेवला. युएनूला लिहिलं, माझी वाट बघू नकोस.

५ ऑगस्ट, रविवार

आज लग्न होतं. आईचा रक्तदाब १४८.

११ ऑगस्ट, शनिवार, सातव्या महिन्याचा पहिला दिवस

सकाळी दहाला वेनयुआन दारात, पाठीवर पिशवी, हातात रबरी मोज्यांचा खोका, आणि तोंड असं की कुणी कडू काढा पाजलाय.

"फिंग म्हणते, हा महिना नाहीतरी कुणी लग्न करत नाही. महिनाभर दर शनिवार-रविवारी मी एकट्यानं आईला बघायचं. एकट्यानं! मग ती बोलेल माझ्याशी. लग्नाचं नाही, नुसतं बोलेल." तो चपला काढता काढता म्हणाला, "ताई, तू आहेस ना घरात? तिला कुठे कळणार आहे?"

आई खुर्चीतून म्हणाली, "मला कळेल."

मी त्याला सगळं दाखवलं. उशी कुठे घालायची, चमचा कुठल्या बाजूनं द्यायचा, पेजेला किती पाणी. त्यानं मोबाइलवर टिपून घेतलं, कारखान्यातल्या यंत्राचं घेतात तसं. मी दीडला निघाले.

गटात त्सायफिंग आलेली होती. समोरच्या खुर्चीत बसली, माझ्याकडे बघितलं नाही. आजची गोष्ट नीट ऐकली नाही मी. एका खानावळीतल्या बंद खोलीची होती एवढं आठवतं. तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला, सरांनी भुवया वर केल्या.

"ताई, हिला वळवलं तर ही हसतेय मला! केव्हा येतेस?"

मी म्हणणार होते, चारला सुटतं, सव्वाचारला येते. तोंडातून आलं, "सोमवारी."

"काय?"

"सोमवारी येते. सकाळी. तुझी बस सुटायच्या आत."

"अगं, रात्री कोण—"

"तुला दोन्ही हात आहेत." मी फोन बंद केला. मग लक्षात आलं, माझ्याजवळ पर्स आणि वाचनालयाचं पुस्तक सोडून काही नाही, आणि या गावात मला जायला एकही जागा नाही. मावशीकडे एका खोलीत सात माणसं.

चार वाजता सगळे उठले. त्सायफिंग स्कूटरची किल्ली काढत म्हणाली, तेही भिंतीकडे बघून, "माझ्या खोलीत जमिनीवर जागा आहे. खोली अजून सोडलेली नाही. माझ्याशी बोलायचं मात्र नाही."

"बरं."

"आणि स्वयंपाकघरात जायचं नाही. मला काही करून घालायचं नाही."

"बरं," मी म्हटलं. वाटेत ती भाताचे दोन डबे विकत घ्यायला थांबली.

१२ ऑगस्ट, रविवार

वही घरी आहे. हे मी वाचनालयाच्या पुस्तकात ठेवलेल्या कागदावर लिहितेय, मग वहीत चिकटवेन.

साडेनऊला जाग आली. ऊन पायापर्यंत आलं होतं. आधी कळेना मी कुठे आहे, मग कळलं आणि भीतीच वाटली, इतकं मेल्यासारखं कुणी झोपतं का? त्सायफिंग ओट्यापाशी उभी राहून चहा पीत होती. फोन लावावा म्हणून मी बटणं दाबायला लागले. तिनं बघितलं. मी फोन खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. आई पडली असेल, घास अडकला असेल, तो झोपून राहिला असेल, जखम परत उघडली असेल. असं दहा वाजेपर्यंत चाललं. हे सगळं खरंही असू शकतं, आणि मी इथे उन्हात पाय पसरून बसले आहे.

दहा वाजून पाच मिनिटांनी फोन वाजला, घरचा नंबर. मी उठून उभीच राहिले.

वेनयुआन नव्हता. आधी नुसता श्वास, मग फोन कशावर तरी घासल्याचा आवाज. अकरा वर्षांत आईनं स्वतःच्या हातानं फोन धरलेला नाही.

"पेज केलीय त्यानं," आई म्हणाली. "खळीसारखी."

"मी येते, आई. तासाभरात येते."

"खातेय मी." पुन्हा श्वास. मागे वेनयुआन काहीतरी विचारत होता, कुठला तरी चमचा. "तू येऊन शिकवू नकोस त्याला."

आणि तिनं फोन ठेवला. नीट ठेवता आला नसावा, कारण नंतरही बराच वेळ मला तिकडचं ऐकू येत होतं. वाटीचा आवाज, आणि माझा भाऊ म्हणत होता, "आई, तोंड उघड ना जरा." मी ते ऐकत उभी राहिले आणि मोठ्यानं रडले. त्सायफिंगनं दुसऱ्या कपात चहा ओतला आणि माझ्यापासून हातभर दूर, जमिनीवर ठेवला.